ब्रेकचा लाल दिवा आणि ओतलेलं ऑइल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मुलुंड) : आमची इलेक्ट्रिक कार दोन वर्षांची, २१ हजार किलोमीटर चाललेली. उड्डाणपूल उतरताना ब्रेक दाबला की पीं-पीं वाजतं आणि लाल दिवा लागतो. सपाट रस्त्याला आलं की दोन्ही बंद. गॅरेजवाल्यांनी ब्रेक ऑइल टाकलं, तीन आठवडे शांतता होती, आता पुन्हा तेच. सेन्सर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : सेन्सरला इतक्यात हात लावू नका, तो बहुधा खरंच बोलतोय. ऑइलच्या डबीत एक तरंगणारा तुकडा असतो, त्यात लोहचुंबक. पातळी ‘मिन’च्या रेषेपाशी आली की चुंबकामुळे स्विच जुळतो आणि बझर वाजतो. उतारावर ब्रेक मारला की ऑइल पुढे धावतं, तुकडा क्षणभर खाली बसतो, सपाटीला परत वर येतो. म्हणजे पातळी अगदी काठावर आहे. शोधायचं ते हे, की टाकलेलं ऑइल गेलं कुठे.

पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड चाकाच्या चकतीवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन थोडा बाहेर येतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि डबी उतरते. ही साधी झीज झाली. पण इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, त्यामुळे पॅड फार सावकाश झिजतात. हिशेबच मांडू. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमी व्यासाचा धरला, तर दोन्ही पॅड १-१ मिमी झिजल्यावर तो २ मिमी सरकतो आणि साधारण ४.६ मिली ऑइल घेतो. पुढची दोन्ही चाकं मिळून ९ मिलीच्या आसपास. शहरातल्या वापरात तीन आठवड्यांत मिलिमीटरभर पॅड झिजत नाही. तेव्हा डबी भरलेली असेल आणि तरी पातळी खाली आली असेल, तर ऑइल गळतंय.

डबी भरली होती की चमचाभर ऑइल टाकून दिवा घालवला होता, हे मात्र तपासायला हवं. दुसरा प्रकार आमच्या मते सरळ फसवणूक नसली तरी आळस नक्कीच आहे. गाडी सपाट जागी लावा. झाकणाभोवतीची धूळ पुसून घ्या, नाहीतर तीच आत पडते. मेडिकलमधून २० मिलीची नवी सिरिंज आणून ‘मॅक्स’पर्यंत मोजून भरा आणि आकडा लिहून ठेवा. मग चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून पॅडची जाडी बघा. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिमी असतो. झीज २ मिमी दिसली आणि डबीने ७० मिली घेतलं, तर पन्नासेक मिलीचा हिशेब लागत नाही.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात : चाकाची आतली बाजू, रबरी होजचा सांधा, मागे ड्रम असतील तर व्हील सिलिंडर. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) मागचं सील गेलं असेल तर ऑइल पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये शिरतं किंवा पेडलखालच्या मॅटवर उतरतं. खाली थेंब दिसत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. पावसात ओलं सगळंच दिसतं, म्हणून रात्री चारही चाकांखाली वर्तमानपत्र पसरा. पाण्याचा डाग सुकून जातो, ऑइलचा तेलकट राहतो. एकाच चाकाचे पॅड जास्त झिजलेले असतील किंवा फेरीनंतर तेच चाक तापत असेल, तर तिथला कॅलिपर अडकलाय. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत त्याच्या सरकत्या पिना गंजतात, आणि इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरला जात असल्यामुळे त्या मोकळ्या होण्याची संधीही कमी मिळते.

पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर गाडी चालवायचीच नाही. चारही चाकं उचलणाऱ्या ट्रकवरून न्या. दोरीने ओढली तर चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच घ्या, बहुतेक गाड्यांत डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. घरातला अर्धा डबाही नको, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ साठी उकळण्याची किमान मर्यादा कोरडं असताना २३० अंश आहे, ३.७ टक्के पाणी शिरलं की १५५. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उतरतो. दुरुस्तीनंतर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पंप स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने, चालवला का, हे विचारा. नाहीतर आत राहिलेल्या हवेमुळे पेडल मऊ लागतं.

प्रश्न (परळ) : हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. दुसऱ्या दिवसापासून पिवळा एबीएसचा दिवा आणि एक बीप. ब्रेक नीट लागतात.

उत्तर : साधे ब्रेक चालू आहेत, एबीएस बंद आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चाकं घसरतील, अंतर ठेवून चालवा. बहुतेकदा चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी जातं. स्कॅनर लावा. सी००३५ कोड आला तर पुढचं डावं चाक. कनेक्टर उघडून हिरवा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवा. हल्लीचे सेन्सर मल्टीमीटरच्या ओहमवर तपासू नका, त्यातून निष्कर्ष निघत नाही. केबिनमध्ये पाणी आलं होतं का? मग तपासणी होईपर्यंत चार्जिंगही नको आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलना हातही नको.

प्रश्न (बोरिवली) : पंधरा दिवस गावी होतो. परत आल्यावर ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग, सगळे दिवे एकदम लागले!

उत्तर : एकाच वेळी इतकं सगळं बिघडत नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली असणार. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास हवेत. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे. गाडी ‘रेडी’त घेतल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर बॅटरी बदलून उपयोग नाही, मोठ्या बॅटरीतून तिला भरणारा कन्व्हर्टर बघा.

प्रश्न (वरळी) : पूर्ण चार्ज करून निघालं की पहिली काही मिनिटं पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, रिजन (मोटरने वेग कमी करत वीज परत बॅटरीत भरणं) मर्यादित असल्याचा संदेश येतो. ब्रेकचा दोष?

उत्तर : भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रिजन कमी करते. एक दिवस चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून निघा. संदेश आला नाही, तर ब्रेकला काहीही झालेलं नाही.