इलेक्ट्रिक गाडीला २३५/४५ आर १८ टायर (रुंदी २३५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम १८ इंची) आहेत. नाशिकमध्ये २० इंची अलॉय घ्यावेत का?

२० इंची घेऊ नयेत. बदलायचेच असल्यास २३५/४० आर १९ पर्यंतच जावे, कारण मूळ टायरचा व्यास सुमारे ६६९ मिमी आणि याचा ६७१ मिमी असल्याने स्पीडोमीटरच्या नोंदीत जवळपास फरक पडत नाही, मात्र टायरची बाजूची भिंत १०६ वरून ९४ मिमी होते आणि पावसाळ्यात कसारा घाटातल्या खड्ड्यांपुढे तेवढेही कमीच वाटते. बॅटरीमुळे गाडी जड असल्याने लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) दारावरील स्टिकरवर दिलेल्या अंकापेक्षा कमी नसावा (९६ म्हणजे प्रतिटायर ७१० किलो), आणि बोल्टची रचना व ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते) दिसण्याचा विचार करण्याआधी तपासावेत. अर्थात, रेंज महत्त्वाची असेल तर १८ इंचीच हलके अलॉय घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.