वातावरण बदलतं तसे वनस्पती समुदाय कसे बदलतात यावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करणारे लोक नेमकं काय करतात? एमएस्सी बॉटनीनंतर या वाटेला जावं का?

मी सध्या ऑस्ट्रियात हेच करतेय, आल्प्सच्या डोंगरमाथ्यांवरच्या वनस्पतींवर, त्यामुळे तेवढंच सांगू शकते. जंगलवाले किंवा गवताळ कुरणवाले वेगळं सांगतील.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'गरम झालं की झाडं मरत असतील, ती मोजायची असतील'. सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा, कारण माथ्यांवर उलट वनस्पतींच्या जाती वाढल्यात. स्वित्झर्लंडमध्ये पिझ लिनार्ड नावाचं शिखर आहे, साधारण 3410 मीटर. 1835 मध्ये ओसवाल्ड हेर नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ तिथे चढला तेव्हा माथ्यावर त्याला एकच फुलझाड सापडलं, अँड्रोसेस अल्पिना, खडकाला चिकटून वाढणारं बुटकं झाड. 2011 ला तिथे 16 जाती मिळाल्या. आणि हे एकाच शिखराचं नाही, 2018 मध्ये युरोपातल्या 302 शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून संशोधनाचा पेपर आला त्यात 2007 ते 2016 या दशकात जाती वाढण्याचा वेग 1957 ते 1966 च्या पाचपट निघाला. खालची झाडं वर चढतायत, बस. फक्त भूमध्य समुद्राकडच्या डोंगरांवर तसं नाही, तिथे पाण्याची बोंब असल्यामुळे आकडा वाढला नाही किंवा घटला.

मग चांगलंच झालं की, असं वाटेल. मलाही पेपरांच्या बातम्या वाचून घरचे विचारतात की फुलं वाढली तर तुम्ही लोक रडताय कशाला. चाळीत नवी बिऱ्हाडं आली म्हणून जुन्यांचं बरं चाललंय असं होत नाही ना. ऑस्ट्रियातल्या टायरोलमध्ये श्रांकोगेल म्हणून 3497 मीटरचं शिखर आहे, तिथे 1994 ला शेकडो कायमचे चौरस आखून ठेवलेत, एकेक मीटरचे, आणि तेच चौरस 2004 आणि 2014 ला परत मोजले. जातींची संख्या वाढली, पण अगदी थंडीतच राहणाऱ्या ज्या जाती आहेत त्यांनी व्यापलेली जागा कमी झाली आणि दुसऱ्या दशकात चौरसातून जाती गायब होण्याचं प्रमाण आधीपेक्षा बरंच वाढलं. म्हणजे नुसती यादी मोजली तर सगळं छान दिसतं, कोण आलं आणि कोण गेलं हे बघितलं तर चित्र वेगळं. शिवाय ही झाडं मरायला प्रचंड वेळ घेतात, कॅरेक्स कर्व्ह्युला नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचे काही पुंजके दोन हजार वर्षांच्या आसपासचे निघालेत, असलं झाड हवा बदलली म्हणून दहा वर्षांत उठून जात नाही, ते नुसतं तग धरून असतं आणि आपण त्याची 'आहे' म्हणून नोंद करतो.

आता रोजचं काम. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, बर्फ वितळून परत पडेपर्यंत जी काही खिडकी मिळते तेवढ्यात वर जायचं. जुने फोटो आणि मोजमापं घेऊन तोच चौरस शोधायचा, हे वाटतं तितकं सोपं नाही, दगड सरकलेले असतात. मग दोऱ्यांची जाळी असलेली फ्रेम ठेवायची, गुडघ्यावर बसायचं, भिंग डोळ्याला, आणि प्रत्येक जातीने किती टक्के जागा व्यापलीय ते लिहायचं. मातीत दहा सेंटीमीटर खाली तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं, म्हणजे लॉगर, पुरलेले असतात त्यांचा डेटा काढायचा. फोटोत हे सगळं फार भारी दिसतं, पण वर्षातला हा छोटा तुकडा आहे, बाकी सगळा वेळ लॅपटॉपसमोर, आर नावाच्या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत.

आणि माझ्या मते खरी डोकेदुखी तिथेच आहे. एकाच दिवशी एकच चौरस दोन अनुभवी माणसांना दिला तरी याद्या जुळत नाहीत, दहा ते तीस टक्के फरक नेहमीचा आहे, कारण फूल नसलेलं दोन पानांचं गवत एकाला दिसतं एकाला नाही. मग दहा वर्षांनी एखादी जात 'गायब' झाली तर ती खरंच गेली की आधीच्याला दिसली आणि तुम्हाला नाही? त्यात नावं बदलतात, जुन्या यादीत सेनेसिओ इन्कॅनस असतं आणि नवीन यादीत तेच झाड जॅकोबिया इन्काना, कॉम्प्युटरला सांगितलं नाही तर तो एक जात नामशेष आणि एक नवीन आली असं आनंदाने दाखवतो. संशोधनाच्या पेपरात पद्धत सांगताना याचं एक वाक्य असतं आणि त्यात महिनेच्या महिने जातात. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू, पण हे नीट केलं नाही तर पुढचे सगळे ग्राफ म्हणजे नुसती रांगोळी.

दुसरी गोष्ट म्हणजे पोस्टडॉक असतो दोन-तीन वर्षांचा आणि समुदाय बदलायला दशकं लागतात. त्यामुळे तुम्ही कायम दुसऱ्या कुणीतरी मोजून ठेवलेल्या आकड्यांवर जगता. भारतातली एनपीडीएफ, म्हणजे सरकारी पोस्टडॉक फेलोशिपसुद्धा दोनच वर्षांची. जर्मनीत पीएचडीनंतर साधारण सहा वर्षांपर्यंतच असे तात्पुरते करार करता येतात, पुढे काय ते तुमचं तुम्ही बघा. घरच्यांना हे समजावणं वनस्पतीशास्त्रापेक्षा अवघड आहे.

तुम्ही साताऱ्याचे आहात असं लिहिलंय म्हणून सांगते, आल्प्सला यायची घाई करू नका. कासच्या सड्यावर, चाळकेवाडीला, जांभ्यावरच्या चार बोटं मातीत गेंद, सीतेची आसवं, सोनकी, तेरडा हे सगळं पावसाळ्यात उगवून संपतं. बहुतेक झाडं एका हंगामाची, म्हणजे एक वर्ष पाऊस उशिरा आला की फुलांचं गणितच बदलतं, त्यामुळे दोन वर्षांची तुलना करून 'हवामान बदलामुळे' म्हणणं धाडसाचं आहे. आणि तिथे बदल म्हणजे फक्त तापमान नाही, गुरं पण आहेत. कासला कुंपण घातलं, चराई थांबली, मग गवत माजून फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि शेवटी कुंपण काढलं. यातलं किती चराईमुळे, किती पावसामुळे, किती लोकांच्या पायांमुळे, हे वेगळं करायचं तर कायमचे चौरस लागतात. कुठे काय सापडतं याच्या याद्या आपल्याकडे चांगल्या आहेत, पण यादी वेगळी आणि तोच चौरस परत परत मोजणं वेगळं.

जावं का? गवतं बघून चिडचिड होत नसेल तर जा. आत्ता एमएस्सीला असतानाच फुलाशिवाय गवत आणि लव्हाळे ओळखायला शिका, हे येणारी माणसं खरंच कमी आहेत आणि तेवढ्यावर इंटरव्ह्यूत फरक पडतो. आर शिका, त्यातल्या वनस्पती समुदायांच्या आकडेवारीसाठीच्या व्हेगन पॅकेजपासून सुरुवात करा. कॉलेजच्या सरांकडे जुन्या फील्डच्या वह्या असतील तर मागून घ्या, नुसता स्कॅन करून ठेवला तरी चालेल. आणि बाहेरच्या प्रोफेसरांना मेल करताना 'कुठलंही काम चालेल' असं लिहू नका, तुम्हाला कुठल्या कुळातली झाडं ओळखता येतात आणि कुठला डेटा हाताळलाय एवढंच चार ओळीत लिहा, उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि पुढच्याला मेल टाका.