झाकण कापण्याआधी : गेमिंग लॅपटॉपच्या गरमीवर वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अर्धी पत्रं लॅपटॉप तापण्याची असतात. या वेळी ग्राफिक्स चिपच्या तापमानाबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. वाचकांची भाषा होता होईल तो तशीच ठेवली आहे.

प्रश्न (नांदेड) : माझ्याकडं एन्व्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स चिपचा लॅपटॉप आहे. हिवाळ्यात गेम चालू असताना ग्राफिक्स ७८ अंशावर राहायचं. आता मे महिन्यात ८७ ला जाऊन थांबायलंय आणि गेम मधूनच अडखळायलाय. पेस्ट वाळली असेल का?

उत्तर : चिपची उष्णता हीटसिंकला, म्हणजे तिच्यावर टेकवलेल्या धातूच्या भागाला, देणारी ती पेस्ट वाळली असेलही, पण तुमच्या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिपनं स्वतः केलेली वाढ. हिवाळ्यात खोली २४ अंशांची असेल तर वाढ ५४ ची झाली. आज नांदेडात दुपारी पत्र्याखालची खोली सहज ३८ ला जाते. त्यात ५४ मिळवले की ९२ होतात. पण एन्व्हिडियाच्या बहुतेक लॅपटॉप चिपा ८७ च्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, त्यामुळं आकडा तिथंच खिळतो आणि गेम अडखळतो. म्हणजे यंत्रात बिघाड नसतानाही हे होऊ शकतं.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मोजा. साधं भिंतीवरचं थर्मामीटर लॅपटॉपशेजारी ठेवा, गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला नको. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे ॲप चालू करून गेमचा एकच भाग अर्धा तास खेळा आणि चार आकडे लिहून ठेवा : ग्राफिक्सचं तापमान, हॉट स्पॉट, ग्राफिक्स किती वॅट खाते ते, आणि प्रोसेसरचं तापमान. हॉट स्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. ती सरासरीपेक्षा १० ते १५ अंश वर असणं नेहमीचं आहे. फरक २० च्या पुढं गेला असेल तर पेस्ट एका बाजूनं सरकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेलं नाही. फरक नेहमीचा, खोलीशी असलेली तफावतही जुनीच, तर पेस्ट बदलून पैसे आणि दुपार दोन्ही वाया जातील.

वॅटचा आकडा विसरू नका. ११० वॅटला ८५ अंश आणि ७० वॅटला ८५ अंश या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात लॅपटॉप धडधाकट आहे, दुसऱ्यात आत काहीतरी तुंबलंय.

प्रश्न (लातूर) : अंडरव्होल्ट करा असं सगळे सांगतात. एमएसआय आफ्टरबर्नर टाकलं, पण पॉवर लिमिटची पट्टी हलतच नाही. मग कसं करायचं?

उत्तर : अंडरव्होल्ट म्हणजे चिप कमी व्होल्टेजवर चालवणं, आणि आफ्टरबर्नर हे त्यासाठीचं ॲप. बहुतेक लॅपटॉपांत ती पट्टी, म्हणजे चिपला मिळणाऱ्या वॅटची मर्यादा, कंपनीनंच कुलूपबंद केलेली असते. तुम्हाला हवा आहे तो व्होल्टेज आणि वेगाचा आलेख. कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की तो उघडतो. आधी गेम चालू असताना चिप किती व्होल्टेजवर किती मेगाहर्ट्झनं धावते ते पाहा. समजा ९०० मिलिव्होल्टला १७८० आहे. आता मुख्य खिडकीतली कोअर क्लॉकची पट्टी उणे २५० वर नेऊन लागू करा, म्हणजे अख्खा आलेख खाली येईल. मग आलेखात ८०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडा, तो १६५० मेगाहर्ट्झपर्यंत उचला आणि परत लागू करा. त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके आपोआप सपाट होतील. चिप आता ८०० च्या वर जाणार नाही.

चिपची वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ९०० वरून ८०० वर आलात की तेवढ्यानंच वीसेक टक्के खप कमी होतो, वेग मात्र सात-आठ टक्केच घटतो. सौदा वाईट नाही. गेम बंद पडला, पडदा क्षणभर काळा झाला किंवा चित्रात ठिपके दिसले, तर ८०० ऐवजी ८२५ घ्या किंवा वेग ३० मेगाहर्ट्झनं उतरवा. आठवडाभर रोजचे गेम नीट चालल्याशिवाय ‘विंडोज सुरू होताच लागू करा’ हे बटण दाबू नका.

एक फसगत पुष्कळांची होते. चिप आधीच वॅटच्या मर्यादेला टेकलेली असेल आणि तुम्ही सपाट रेषा फार वरच्या वेगावर ठेवली, तर वाचलेली वीज चिप जास्त वेगासाठी खर्च करते. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) थोड्या वाढतात, तापमान होतं तिथंच राहतं, आणि अंडरव्होल्टचा उपयोग होत नाही असा समज होतो. वॅटचा आकडा खरोखर खाली येईपर्यंत वेग उतरवत जा.

याहून सोपा उपाय म्हणजे एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलमधली कमाल फ्रेम रेटची मर्यादा. १४४ हर्ट्झचा पडदा आहे म्हणून प्रत्येक गेमला १४४ फ्रेम लागत नाहीत. गोष्ट सांगणारे गेम ६० किंवा ७५ वर निवांत चालतात.

आणि प्रोसेसरही सोडू नका. अनेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या उष्णतेचे तांब्याचे पाइप सामाईक असतात. प्रोसेसर टर्बोच्या (नेहमीपेक्षा वाढवलेल्या वेगाच्या) जोरावर ९५ ला गेला की ती उष्णता ग्राफिक्सच्या वाट्याला येते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की साधारणपणे टर्बो बंद होतो. एक पैसा न लावता ग्राफिक्स काही अंश उतरतं. ज्या गेममध्ये प्रोसेसरवरच सगळा भार असतो तिथं फ्रेम पडतील, तेवढ्यापुरतं परत १०० करा.

प्रश्न (मानवत) : घराजवळ जिनिंग आहे. दर महिन्याला मागच्या जाळीतून ब्लोअर मारतो, तरी लॅपटॉप तापायचा काही थांबत नाही.

उत्तर : ब्लोअर उलट्या बाजूनं चालला आहे. रुईचे तंतू पंख्यातून आत येतात आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या आतल्या तोंडाशी अडकतात. तिथं नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. बाहेरून हवा मारली की तो सुटून पंख्याच्या डबीत पडतो आणि लॅपटॉप सुरू केल्यावर पुन्हा तिथंच जाऊन बसतो.

झाकण उघडावंच लागेल. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. स्क्रूवर स्टिकर असेल तर तर हमखास विचारा. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा. कागदावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा, कारण लांब आणि आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू वरच्या बाजूला फुगवटा आणतो किंवा बोर्डात घुसतो. झाकणाच्या कडेनं जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवा, पातं नको. आत गेल्यावर सगळ्यात पहिलं काम बॅटरीचा जोड काढायचं, त्यानंतर पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरायचं. पंखे बहुधा दोन ते चार स्क्रूंवर असतात. ते काढले की थर समोरच दिसेल. चिमट्यानं अख्खा उचलून घ्या, उरलेलं मऊ ब्रशनं झाडा. पंख्यावर हवा मारायची असेल तर पाती बोटानं धरूनच मारा. मोकळा सोडलेला पंखा नको तितक्या वेगानं फिरून बेअरिंग खातो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते.

जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो. तो संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर ही सफाई केली की वर्ष निघतं. झाकणाच्या आतून बारीक जाळी लावायचा मोह होईल. ती आठ दिवसांत भरते आणि हवाच अडवते. दर आठवड्याला पुसायची तयारी असेल तरच लावा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : पेस्ट बदलली, मेमरीवरचे थर्मल पॅडही नवे लावले. आता ग्राफिक्स आधीपेक्षा १० अंशांनी जास्त तापतं आणि हॉट स्पॉट थेट १०३. पेस्ट नामांकित होती.

उत्तर : पेस्टचा दोष नाही, पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ चकत्या) जाड झाले आहेत. हीटसिंक एकच आहे आणि त्याला एकाच वेळी चिप, मेमरी आणि वीज पुरवणाऱ्या सुट्या भागांवर बसायचं असतं. मेमरीवर अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा किंवा नको तितका कडक पॅड आला की हीटसिंक त्याच्यावरच तोललं जातं आणि चिपच्या एका कोपऱ्याशी फट राहते. जुना पॅड मोजून नवा आणला असेल तर चूक तिथंच झाली. दाबून दाबून १.५ चा पॅड १.२ चा दिसतो, आणि अंदाजानं माणूस १ चा किंवा २ चा आणतो.

तपासायची रीत सोपी आहे. हीटसिंक बसवून स्क्रू आवळा, पुन्हा काढा आणि पेस्टचा ठसा पाहा. चिपवर सगळीकडं सारखा पातळ थर हवा. एका बाजूला जाड ढेकूळ राहिलं असेल तर फट तिथं आहे. पॅडवरही भागांचा ठसा हलका उमटलेला हवा. खोल रुतला असेल तर पॅड जाड आहे, उमटलाच नसेल तर पातळ.

तुमच्या मॉडेलच्या पॅडची जाडी खात्रीनं माहीत नसेल तर पॅडच्या भानगडीत न पडता थर्मल पुट्टी वापरा. ती कणकेइतकी मऊ असते, फट जेवढी तेवढीच पसरते आणि हीटसिंकला उचलून धरत नाही. प्रत्येक मेमरी चिपवर छोटी गोळी पुरते.

चिपवर काय लावायचं, याबद्दल आमचं मत ठाम आहे. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं. ती तापते-निवते तशी पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात उत्तम आकडे देणारी पेस्ट काही महिन्यांत हात टेकते. हनीवेलचं पीटीएम ७९५० हे पत्र्यासारखं मिळणारं द्रव्य ४५ अंशांच्या आसपास मऊ होतं, फटी भरतं आणि सहसा सरकत नाही. चिपपेक्षा किंचित मोठा तुकडा कापा. आधी फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर वरची पारदर्शक पट्टी न फाटता निघते. एक पट्टी काढून चिपवर टेकवा, हलकं दाबा, मग दुसरी काढा. सुरुवातीचे आकडे निराश करतील. चार-पाच वेळा तापून निवल्यावर ते खाली येतात. या नावानं नकली मालही फार विकला जातो, विक्रेता पारखून घ्या.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हँड सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागं राहतं. हीटसिंकवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमानं प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळत फेऱ्या मारा, काढताना उलट क्रमानं. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडं गेलात तर चिपचा कोपरा उडू शकतो, आणि मग बोर्डच बदलावा लागतो.

लिक्विड मेटलबद्दलही विचारलं आहे. उष्णता ते सगळ्यांत चांगली नेतं, पण त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियमला पोखरतं आणि वीज वाहून नेतं. बॅगेत उभा करून एसटीनं फिरणाऱ्या लॅपटॉपमध्ये थेंब सरकला तर चिपभोवतीचे बारीक कपॅसिटर एकमेकांना जोडले जातील. घरी पहिल्यांदाच लॅपटॉप उघडणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न (धाराशिव) : पंख्यांच्या खाली झाकण गोल कापून जाळी बसवायचा विचार आहे. किती फरक पडेल?

उत्तर : कापण्याआधी मागची बाजू बाटलीच्या दोन झाकणांवर टेकवून उचला आणि अर्धा तास खेळा. चार-पाच अंश उतरले तर लॅपटॉपला खालून हवा मिळत नव्हती, आणि मग स्टँडनंच काम भागेल. काहीच उतरलं नाही तर अडथळा आत आहे, झाकण कापून तो जाणार नाही.

तरीही कापायचंच असेल तर भोक पंख्याच्या मधल्या गोलाएवढंच ठेवा. मोठं भोक पाडलं की हवा सरळ पंख्यात शिरते. आधी ती बोर्डावरून फिरून वीज पुरवणारे भाग आणि फायली साठवणारी एसएसडी निववत यायची, ते बंद होतं. ग्राफिक्स पाच अंश उतरतं आणि एसएसडी तापते. झाकण वेगळं काढून, लॅपटॉपपासून लांब बसून कापा. धातूचा एक कीस बोर्डावर राहिला तरी पुरे. कडा घासा, झाकण धुऊन पूर्ण वाळवा. जाळी पंख्याच्या पात्यांना किंवा बॅटरीला टेकता कामा नये.

यापेक्षा बिनधोक एक काम आहे. पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यात बारीक फट असते, तिच्यातून गरम हवा आतच परत येते. ती फट उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपनं बुजवा. साधी सेलोटेप उष्णतेनं सुटते. बाजारातल्या स्टँडांपैकी कडेला फोमची किनार असलेला, हवा दाबून आत ढकलणारा स्टँड खरोखर काम करतो. नुसते निळे दिवे आणि छोटे पंखे असलेला फारसा नाही.

प्रश्न (बीड) : डेझर्ट कूलरसमोर लॅपटॉप ठेवला तर ओल धरंल का?

उत्तर : धरणार नाही. चालू लॅपटॉप कूलरच्या हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळं आत दव जमत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरनं खोली जितके अंश उतरते जवळपास तितकेच चिपचे उतरतात. फक्त थेट झोतात ठेवू नका. हवेबरोबर बारीक थेंब उडतात आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. सहा-सात फूट लांब, बाजूला ठेवा. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. बर्फाची पिशवी किंवा लॅपटॉपला चिकटवायचा पेल्टिअर कूलर मात्र हवेपेक्षा थंड होतो, त्याच्यावर दव जमू शकतं.

प्रश्न (हिंगोली) : लाइट गेल्यावर गेम एकदम निम्म्या फ्रेमवर येतो, तापमान तर ६५ च असतं. आणि हल्ली टचपॅड थोडं वर आल्यासारखं वाटायलंय.

उत्तर : पहिली गोष्ट गरमीची नाहीच. बॅटरीवर ग्राफिक्सला मोजकेच वॅट मिळतात. जीपीयू-झेड या ॲपमध्ये वेग अडवण्याचं कारण पाहा, तिथं तापमान नव्हे तर पॉवर दिसेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर अडॅप्टर त्यावर लावून खेळा. मूळ अडॅप्टर १८० वॅटचा असेल तर १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर हेच लक्षण दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. टचपॅड वर येणं म्हणजे बॅटरी फुगत असल्याची खूण. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग थांबवा आणि सेवा केंद्रात न्या. नव्या बॅटरीला कंपनीच्या ॲपमधून ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावा, कारण भरलेली बॅटरी आणि उन्हाळ्याची गरमी एकत्र आली की ती लवकर फुगते. सेवा केंद्रात पोचेपर्यंत खालचं झाकण दाबून स्क्रू आवळू नका, आणि फुगीर भागाला टोक लागेल असं काही आत घालू नका.