राजवटींची प्रकरणे पाडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अफगाणिस्तानवरील कादंबऱ्यांविषयीच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा आणि तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचून झाला. सोबतचे पत्र मात्र पुन्हा काढून वाचले, कारण आराखड्यात तू जितका ठाम आहेस तितकाच पत्रात गोंधळलेला आहेस. वसतिगृहातील तुझ्या अफगाण मित्राने खर्डा चाळून, ही माणसे नुसती सोसतात, मग जगतात कधी, असे विचारले आणि तेव्हापासून तुझे लिहिणे अडले आहे. तिकडे तुझे मार्गदर्शक राजकीय पार्श्वभूमी आणखी वाढवायला सांगत आहेत. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तू मला विचारतोस. मित्राचे ऐक. मार्गदर्शकांची समजूत कशी काढायची ते पुढे सांगते.

परक्या देशाविषयी लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा तुझा दुसरा प्रश्न मी बाजूला ठेवते. तू वाचक आहेस. नीट वाच, म्हणजे झाले.

आराखड्यात पाच प्रकरणे आहेत: राजेशाही आणि ती उलथवणारा दाऊदखान, साम्यवादी राजवट आणि सोव्हिएत फौजा, सोव्हिएतांशी लढलेल्या मुजाहिदीनांचे आपसांतले गृहयुद्ध, तालिबान, आणि २००१ नंतरचा काळ. समासात १९७३, १९७८, १९७९, १९९२, १९९६ अशी सनावळी लाल शाईने मांडली आहेस. सनावळीत चूक नाही. पण तिच्यावरून कादंबरीतील माणसे समजून घ्यायला जाणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकावरून प्रवाशांची चरित्रे लिहायला बसणे आहे. एका राजवटीचे एक प्रकरण केलेस की त्यात येणारे प्रत्येक माणूस त्या राजवटीचा पुरावा होऊन बसते, आणि पुराव्याला भूक लागत नाही, हट्ट नसतो, शेजाऱ्याशी भांडण नसते. मी वर्गात जो एकच प्रश्न विचारीत असे तोच तुलाही विचारते: त्या दिवशी घरात काय बदलले? सत्ता कोणाच्या हाती गेली ते मला ठाऊक आहे. पीठ किती उरले, दार वाजले तेव्हा कोण उठले, रस्त्याने कोणाला एकट्याने जाता येईनासे झाले, हे सांग.

तुझ्याच खर्ड्यातले उदाहरण घे. खालिद हुसैनी यांच्या 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स'मध्ये मरियम आणि लैला या सवती रशीद नावाच्या नवऱ्याच्या घरातून पळतात, काबूलच्या लाहोरी दरवाजाजवळच्या बसतळावर पकडल्या जातात, आणि बाईने घर सोडून पळणे हा गुन्हा आहे, घरात पुरुष काय करतो यात आम्ही पडत नाही, असे ऐकवून पोलीस त्यांना रशीदच्या हवाली करतात. हा प्रसंग तू बिनदिक्कत तालिबानच्या प्रकरणात घातला आहेस. कादंबरीत तो १९९४ च्या वसंतात घडतो. तालिबान काबूलमध्ये शिरले ते २७ सप्टेंबर १९९६ रोजी. ही घसरण निष्काळजीपणाची असती तर मी समासात एक फुली मारून पुढे गेले असते. पण ती तुझ्या आराखड्यातूनच आली आहे. बाईवरचा जुलूम दिसला की तो तालिबानच्या खात्यात टाकायचा, असे एकदा ठरवल्यावर रशीद तुला दिसणार कसा? रशीदला तालिबानची वाट पाहावी लागली नाही. १९९२ मध्ये रॉकेट पडून लैलाचे आईवडील गेले, तेव्हा चौदा वर्षांची एक अनाथ मुलगी त्याच्या घरात आली. तिचा प्रियकर तारिक वारला, असे सांगायला त्याने एक माणूस पैसे देऊन उभा केला आणि ते खोटे पचले, कारण त्या शहरात बातमी पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन उरले नव्हते. सरकारे कोसळतात तेव्हा रशीदसारख्या मोच्याच्या हाती काय येते, हे त्या खोट्या निरोपात जितके स्पष्ट दिसते तितके तुझ्या दोन पानी पार्श्वभूमीत दिसत नाही.

पुढे तू लिहिले आहेस की लैलाच्या अनाथाश्रमाच्या फेऱ्यांतून 'लेखकाने तालिबानच्या स्त्रीविषयक धोरणाचे प्रभावी चित्रण केले आहे'. हे वाक्य कोणत्याही पुस्तकाविषयी, पुस्तक न वाचता लिहिता येईल. ते खोडून टाक. त्या पानांवर काय आहे ते पाहा. सलग दुष्काळाची वर्षे, त्यात रशीदच्या दुकानाला लागलेली आग, मग उपासमार, आणि म्हणून लेकीला, अझीझाला, अनाथाश्रमात ठेवणे. मुलीला भेटायचे तर सोबत पुरुष हवा, आणि रशीद निम्म्या वाटेतून परत फिरतो. लैला एकटी निघते, पकडली जाते, मार खाते, पुन्हा निघते. मार कमी लागावा म्हणून उन्हाळ्यातही ती बुरख्याखाली जास्तीचे स्वेटर घालून जाते. धोरण त्या स्वेटरांत आहे. ही बाई घरातून निघताना हिशेब करते आहे: किती जाड कपडे घातले तर किती फटके सोसतील आणि तरीही चालता येईल. हे सोसणे आहे की जगणे, हे तुझ्या मित्राला विचार. मला वाटते तो अशाच जागा शोधत होता.

आता अतिक रहिमी. दरी भाषेतील, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतील, त्यांची 'खाकिस्तर व खाक' ही छोटी कादंबरी तू एका परिच्छेदात उरकली आहेस, आणि तो परिच्छेदही सोव्हिएत आक्रमणाच्या कारणांनी भरला आहेस. कादंबरीत ती कारणे नाहीत. तिथे दस्तगीर नावाचा म्हातारा आहे, त्याचा नातू यासीन आहे, एका पुलापाशी चौकी आहे, आणि खाणीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणे आहे. गाव बाँबहल्ल्यात बेचिराख झाले, घरची माणसे गेली, आणि कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या मुलाला, मुरादला, हे सांगायला बाप निघाला आहे. नातवाला भूक लागते, म्हणून म्हातारा गाठोड्यातून सफरचंद काढतो आणि आपल्या धुळीने माखलेल्या कपड्यावर पुसतो, तर ते आणखीच मळते. हल्ल्यात पोराचे कान गेले आहेत, पण हे त्याला कळलेले नाही. त्याला वाटते की जगाचाच आवाज गेला, रणगाडे येऊन सर्वांचे आवाज घेऊन गेले. एवढ्याशा मुलाने आक्रमणाचा लावलेला हा अर्थ आहे, आणि तुझ्या खर्ड्यात त्याला जागा मिळालेली नाही. चौकीवरच्या पहारेकऱ्याची मर्जी, टपरीवाल्या मिर्झा कादिरने दिलेला आसरा, तंबाखूची डबी, यांतून ती वाट पाहणे लांबत जाते आणि सबंध सोव्हिएत युद्ध म्हाताऱ्यासाठी एवढ्यावर येऊन ठेपते की गाडी येईल का आणि आली तर घेईल का. तो खाणीवर पोचतो तेव्हा मुलाला वेगळीच बातमी आधीच देऊन झालेली असते. इथेही बातमीच. दोन लेखक, दोन राजवटी, आणि घरात शिरताना बातमी दोन्हीकडे खोटी झालेली. तुझ्या पाच प्रकरणांत ही दोन पुस्तके एकमेकांना भेटतच नाहीत, कारण मध्ये तू राजवटींच्या भिंती घातल्या आहेस.

'अफगाण स्त्री ही युद्धाची मूक बळी आहे', हे वाक्य खर्ड्यात इतक्या वेळा आले आहे की मला राग आला. मूक कोण? मरियम शेवटी रशीदवर फावडे उचलते. रहिमी यांच्याच, फ्रेंचमध्ये लिहिलेल्या आणि २००८ चे गाँकूर पारितोषिक मिळालेल्या 'सिंगे सबूर' या कादंबरीत नवरा मानेत गोळी घेऊन निपचित पडला आहे आणि बायको पानोपानी बोलते आहे: त्याच्यावर चिडते, त्याला आपली गुपिते सांगते, त्याच्या श्वासांच्या लयीत जपमाळ ओढते, सलाईनऐवजी साखर-मिठाचे पाणी देते. त्या घरात मुका कोणी असेल तर तो लढवय्या. आणि त्याला गोळी लागली तीही रणांगणात नाही, आपल्याच गोटातल्या एका माणसाशी झालेल्या भांडणात. तू ही कादंबरी वाचून हे वाक्य लिहिलेस, की वाक्य आधी तयार होते?

असो. माझा सूर चढला की मला थांबता येत नाही, हे माझे विद्यार्थी जाणतात. विभागातले सहकारी माझ्या वाचनपद्धतीला स्वयंपाकघरातली समीक्षा म्हणत आणि मी ते हसण्यावारी नेत असे. एका नियतकालिकाने माझा याच विषयावरील लेख, शीतयुद्धाची चौकट जोडून द्या, असे सांगून परत पाठवला. मी चौकट जोडली नाही. लेख कपाटात राहिला, त्याचे पुस्तक व्हायचे होते तेही राहून गेले, आणि आता डोळे साथ देत नाहीत. चार पाने चौकट लिहिली असती तर काय बिघडले असते, असे घरचेही म्हणतात. मला त्याचे वाईट वाटत नाही असे नाही. पण ती चार पाने पुढे गेली असती तर वाचक तिथेच थांबला असता. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यामध्ये दस्तगीरचे सफरचंद कोणाला दिसले असते? तुला हे हट्टी म्हातारीचे समर्थन वाटेल. वाटो. मी त्या लेखातला एक शब्दही बदलणार नाही.

हुसैनी यांच्याच 'द काइट रनर'विषयी तू सर्वांत अधिक लिहिले आहेस आणि तिथे तुझी नजर बरी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. अस्थैर्य सर्वांना सारखे वाट्याला येत नाही, हे तू सधन बाबा आणि त्यांच्या घरचा नोकर हसन यांच्या तुलनेतून दाखवले आहेस; ते राहू दे. बाबांजवळ पेशावरपर्यंत चोरवाटेने जाण्यापुरते पैसे होते, आणि पुढे कॅलिफोर्नियात पेट्रोलपंपावर राबण्याची तयारीही होती. हसन मागे राहिला आणि वझीर अकबर खान वस्तीतल्या धन्याच्या घराची राखण करताना, ते घर रिकामे करून देत नाही म्हणून रस्त्यावर मारला गेला. तो हजारा या पिडलेल्या अल्पसंख्य जमातीचा होता, हे कारण आहेच. पण मारेकऱ्यांना घर हवे होते, आणि ते नंतर तिथे राहायला गेले, ही गोष्ट तू एका अर्ध्या वाक्यात सोडून देतोस. तिच्यावर थांब. उलट असेफवर तू तीन पाने खर्च केली आहेस. लहानपणी छळणारा मुलगाच नेमका मोठेपणी तालिबानचा अधिकारी होऊन समोर यावा, हा योगायोग कादंबरीला चित्तथरारक करतो आणि सत्तेला एका दुष्ट माणसाच्या आकाराचे करून टाकतो. हुसैनी कुटुंबाने १९७६ मध्येच देश सोडला होता. दुरून लिहिणाऱ्याला असा खलनायक सोयीचा पडतो, असे मला वाटते. तुझ्या मित्राची तक्रार या पानांपुरती रास्त आहे, आणि तसे तू प्रबंधात स्पष्ट लिही. आवडत्या लेखकाला सांभाळून घेण्याचे काम समीक्षकाचे नाही.

मित्राच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र तू अजून न वाचलेल्या पुस्तकांत आहे. जमील जान कोचाई यांच्या '९९ नाइट्स इन लोगर'मध्ये २००५ सालचा लोगर प्रांत आहे, परदेशी फौजा आहेत, आणि गोष्ट आहे ती बोटाचा तुकडा तोडून पळालेल्या बुदाबाश नावाच्या कुत्र्याला शोधत हिंडणाऱ्या पोरांची. ती वाचताना मी हसले. अफगाण माणसांवरचे पुस्तक वाचून हसता येते, हे तुझ्या खर्ड्यावरून कोणाला कळणार नाही. २०२२ मध्ये १८ अफगाण लेखिकांच्या दरी आणि पश्तो कथांचा एक संग्रह इंग्रजीत आला. त्यातील शरीफा पासून यांच्या कथेत रॉकेटे पडत असताना दूरचित्रवाणीवर बातम्या वाचायला जाणारी तरुणी आहे. बातमी पुन्हा आली, आणि या वेळी ती वाचून दाखवणारीच्या घरातून आली. मराठीत प्रतिभा रानडे यांनी काबूलमधील आपल्या वास्तव्यावर लिहिले आहे, तेही वाच. ते ललित गद्य असल्याने प्रबंधात बसणार नाही, परंतु सत्तांतराच्या काळात शेजारपाजार कसा वागतो हे एका मराठी बाईने तिथे राहून पाहिले होते.

मित्राशी बोलताना एक सांभाळ. १५ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याकडे झेंडावंदन होऊन लोक सुट्टीचे जेवण जेवत होते, त्याच दिवशी काबूलमधून अध्यक्ष अश्रफ घनी निघून गेले, आणि नंतरच्या आठवड्यांत बँकांपुढे रांगा लागल्या, खात्यातून काढता येणाऱ्या रकमेवर मर्यादा आली. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांपर्यंत हे सारे घरून न आलेल्या पैशांच्या, व्हिसाच्या मुदतीच्या आणि थकलेल्या भाड्याच्या रूपाने पोचले. तो आपणहून सांगेल तर ऐक. वही काढू नकोस. तो तुझ्या प्रबंधाचे परिशिष्ट नाही.

मार्गदर्शकांसाठी सनावळीचे परिशिष्ट करून दे: दोन पाने, लाल शाईशिवाय. त्यांना पार्श्वभूमी मिळेल आणि तुझी प्रकरणे मोकळी होतील. पहिले प्रकरण बातमीवर लिही: लैलाला आलेला खोटा निरोप, मुरादला आधीच मिळालेली बातमी, हसन मारला गेल्यानंतर बाबांच्या मुलाच्या, अमीरच्या, हाती पडलेले हसनचे पत्र, आणि पासून यांची वृत्तनिवेदिका. बाकीच्या प्रकरणांची नावे आत्ता ठरवू नकोस. घराचा ताबा आणि रस्त्यावरची चौकी ही दोन मला दिसतात, आणखी तुला सापडतील. प्रत्येक पानावर तोच प्रश्न विचार आणि जिथे उत्तर मिळत नाही ते पान माझ्याकडे पाठवू नकोस. नवा खर्डा दिवाळीच्या आधी टपालाने पाठव, अक्षर मोठे ठेव, आणि दस्तगीरचा परिच्छेद सर्वांत आधी लिही.