बीडीएसनंतर अमेरिका: तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

बीडीएसची (दंतवैद्यकाच्या पदवीची) इंटर्नशिप संपत आली आहे, लग्नानंतर अमेरिकेला जायचे ठरले आहे, तर तिथे दंतवैद्यक म्हणून काम करण्यासाठी काय शिकावे लागेल, त्याआधी भारतातच एमडीएस (त्यापुढची पदव्युत्तर पदवी) करून घ्यावे का, आणि हे काहीच जमले नाही तर याच क्षेत्रात दुसरी कोणती कामे आहेत, असे तुम्ही विचारले आहे. परीक्षांचे अभ्यासक्रम आणि अर्जांच्या मुदती त्या त्या संस्थांनी व्यवस्थित प्रसिद्ध केलेल्या असतात. त्या मी पुन्हा उतरवून देत नाही. तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलेला दिसतो. मी बीडीएस आहे आणि इथे डेंटल हायजिनिस्ट (दातांची सफाई आणि हिरड्यांची तपासणी करणारी) म्हणून काम करते, त्यामुळे नेमक्या त्याच प्रश्नाने मला लिहायला बसवले.

मुख्य वाट थोडक्यात सांगते. बहुतेक राज्ये परवान्यासाठी ‘कोडा’ या दंतशिक्षण आयोगाची मान्यता असलेल्या महाविद्यालयाची डीडीएस किंवा डीएमडी पदवी मागतात (दोन्ही पदव्या एकच, फक्त नावे वेगळी), आणि आपली बीडीएस त्यांत मोडत नाही. म्हणून ईसीई या संस्थेकडून गुणपत्रिकांचे मूल्यमापन, आयएनबीडीई ही दंतवैद्यकाची राष्ट्रीय परीक्षा, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, मग कॅपिड या सामाईक अर्जसेवेमार्फत अर्ज आणि प्रवेश मिळाल्यास परदेशी पदवीधरांसाठीचा दोन ते तीन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग अभ्यासक्रम, असा हा क्रम आहे. जुन्या दोन भागांच्या परीक्षेची जागा घेणारी आयएनबीडीई २०२० मध्ये सुरू झाली. दोन दिवस, ५०० प्रश्न, आणि निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. इथेच घोडे पेंड खाते. अर्ज करणारे जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झालेले असतात, त्यामुळे निवड शिफारसपत्रे, मुलाखत आणि अनेक ठिकाणी घेतली जाणारी बेंच टेस्ट ही हातकौशल्याची परीक्षा यांवर होते.

बेंच टेस्टविषयी जास्त सांगायला हवे. टायपोडॉन्टवरच्या (कृत्रिम जबड्यावरच्या) प्लास्टिकच्या दातावर ठरलेल्या वेळात क्राऊन प्रिपरेशन (टोपीसाठी दात घासून घेणे) किंवा क्लास टू कॅव्हिटी (दोन दातांच्या मधल्या बाजूचा, भरावासाठीचा खड्डा) करून द्यायची असते. खऱ्या दाताचे इनॅमल हाताला विरोध करते, प्लास्टिक लोण्यासारखे कापले जाते, आणि ज्याने पाच वर्षे खऱ्या दातांवर हात बसवला त्याच्याकडूनच अंदाजापेक्षा जास्त कापले जाते. शेजारच्या दाताला बर (दात कोरण्याचे फिरते टोक) निसटता जरी लागला, तरी तो ओरखडा परीक्षकाच्या प्रोबला (तपासणीच्या बारीक सळईला) सापडतोच. लग्न, व्हिसा, घर लावणे यांत हँडपीस (दात कोरण्याचे यंत्र) हातातून सुटलेला असतो, आणि हात बसायला वर्षे लागत असली तरी तो जायला काही महिने पुरतात. बेंच टेस्टसाठी शिकवण्या घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे शुल्कही पुष्कळ असते.

एमडीएसबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ते विषयाच्या ओढीने करायचे असेल तर जरूर करावे, परदेशाचे तिकीट म्हणून करू नये. तीन वर्षे ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याचे शास्त्र) शिकून आलेली व्यक्तीसुद्धा बहुतेक राज्यांत आधी डीडीएसच्या वर्गात बसते आणि सामान्य दंतवैद्यक म्हणूनच बाहेर पडते. इथे मान्यता असलेल्या १२ विशेष शाखांपैकी काहींच्या रेसिडेन्सीत (पदव्युत्तर प्रशिक्षणात) परदेशी पदवीधरांना थेट प्रवेश मिळू शकतो, आणि मोजकी राज्ये तेवढ्यावर परवानाही देतात. तिथे एमडीएसचा उपयोग होतो. पण ही वाट अरुंद आहे आणि राज्य बदलले की नियम बदलतो.

आता कागदपत्रे. माझ्या पदवीवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, तर पासपोर्टवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. आपल्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परदेशातल्या दप्तरी मात्र मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली बाई ही सरळ दुसरीच व्यक्ती ठरते. विद्यापीठाने मोहोरबंद लिफाफा पाठवला, त्यातल्या ट्रान्स्क्रिप्टवर एक नाव होते आणि सोबतच्या पत्रावर दुसरे. ते दुरुस्त करून घेण्यासाठी माझ्या वडिलांनी त्या कार्यालयाच्या खिडकीपुढे किती उभे राहावे याला मर्यादा राहिली नाही, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळे: विद्यार्थिनीने स्वतः यावे. त्या गोंधळात प्रवेशाचे एक अख्खे वर्ष गेले. आजही तो प्रसंग आठवला की माझा आवाज चढतो.

पुढच्या वर्षी बेंच टेस्टसाठी मी दुसऱ्या राज्यात असताना मुलाच्या शाळेतून फोन आला. प्रवेश अर्जात ‘घरी कोणती भाषा बोलता’ या रकान्यात मी मराठी असे लिहिले होते, त्यावरून चाचणी घेऊन त्याला इंग्रजी येत नसलेल्या मुलांच्या तासाला बसवण्यात आले होते. अनोळखी बाईंनी चाचणी घेतली म्हणून तो गप्प राहिला होता, एवढेच. इंग्रजी त्याला उत्तम येत होते. शाळेने बोलावलेल्या बैठकीला मला जाता आले नाही. तो तास पुढे दोन वर्षे सुटला नाही, आणि चित्रकलेच्या वेळी उठवून नेतात ही त्याची तक्रार मला रोज ऐकावी लागली. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. पुढे मिळाला असता तरी शिक्षणशुल्कच अनेक ठिकाणी दोन लाख डॉलरच्या पुढे जाते, आणि तेवढे कर्ज काढायचे तर बहुधा इथला जामीनदार लागतो. मी पुन्हा अर्ज केला नाही.

दुसऱ्या वाटा अशा. डेंटल असिस्टंटचे प्रशिक्षण अल्प मुदतीचे असते, काही राज्यांत ते कामावरच मिळते, वेतनही बेताचे. हायजिनिस्टसाठी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र हे पूर्वविषय आणि त्यानंतर साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी, राष्ट्रीय लेखी परीक्षा व राज्याचा परवाना लागतो. २०२३ मध्ये हायजिनिस्टचे मध्यम वार्षिक वेतन ८७,००० डॉलरच्या आसपास होते, असिस्टंटचे त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. डेंटल थेरपिस्ट हे भराव व साधी उपचारकामे करणारे पद मिनेसोटाने २००९ मध्ये कायद्याने निर्माण केले. आता ते आणखी काही राज्यांत आहे, सगळीकडे नाही. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन संशोधनाकडे वळलेले बीडीएसही मी पाहिले आहेत, आणि ते समाधानी दिसतात.

हायजिनिस्टचे काम हलके नाही. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब घालून पॉकेटची (दात आणि हिरडीमधल्या फटीची) खोली मोजायची, आकडे नोंदवायचे, स्केलिंग करायचे (दातांवरचा थर खरवडून काढायचा), एक्स-रे काढायचे. दातांचे क्रमांकसुद्धा नव्याने डोक्यात बसवावे लागतात: आपल्याकडे १६ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ, इथे १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. यातले काहीच अवघड गेले नाही. अवघड जाते ते वेगळेच. बाइटविंग (दाढांचा एक्स-रे) पडद्यावर येते, दोन दाढांच्या मधली काळसर सावली, म्हणजे कीड, डेंटिनपर्यंत (इनॅमलच्या आतल्या थरापर्यंत) गेलेली मला दिसते, रुग्ण विचारतो, काही आहे का, आणि मी म्हणते, डॉक्टर येऊन पाहतील. बहुतेक राज्यांत निदान करण्याचा अधिकार हायजिनिस्टला नाही, आणि हा नियम योग्यच आहे असे मी स्वतःला बजावतेही. डॉक्टर येतात, पाच मिनिटांत तेच सांगतात. कधी ते सावली पाहून ‘वॉच’, म्हणजे नुसते लक्ष ठेवा, असे लिहितात, तेव्हा मी असते तर उघडून पाहिले असते, असे मनात येते. त्यांचे बरोबर की माझे, हे ठरवणारे तिथे कोणी नसते. या कामावर माझे घर चालते, वेळ माझ्या हाती आहे, मला त्याची लाज नाही. तरीही माहेरी कोणी डॉक्टर म्हणून हाक मारली की मी ओ द्यावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारलेले नाही आणि त्याबद्दल मी फारसे सांगणारही नाही. अभ्यास आणि मूल असताना त्याला वेळ मिळत नाही.

निघण्यापूर्वी मात्र काही कामे उरका. नाव बदलण्याआधी ट्रान्स्क्रिप्टच्या जास्तीच्या मोहोरबंद प्रती काढून ठेवा आणि शक्य असल्यास मूल्यमापनही माहेरच्याच नावाने करून घ्या. इंटर्नशिपनंतर क्लिनिकमध्ये नोकरी धरा आणि अनुभवाचे पत्र तारखांसह घ्या. आणि व्हिसा पाहून वाट निवडा: एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) शिकता येते, पण कामाची परवानगी सर्वांना नसते. २०१५ पासून ती काही पत्नींना मिळते, त्यासाठी बहुतांशी पतीचा ग्रीन कार्डचा अर्ज एका ठरावीक टप्प्यावर गेलेला असावा लागतो. दंतवैद्यकाला स्वतःच्या नावाने एच-१बी मिळू शकतो. हायजिनिस्टच्या नोकरीला साधारणतः असोसिएट पदवी पुरत असल्याने तिच्यासाठी तो मिळणे फार कठीण असते. तेव्हा ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आला आहे, हे नियोजित पतींना आताच विचारून घ्या. लग्नाच्या बोलणीत असे विचारायला संकोच वाटेल, पण तुमची पहिली काही वर्षे कशी जातील, हे बरेचसे त्या उत्तरावर अवलंबून आहे.