लॅपटॉप थांबू दे, आधी वहीत पाण्याचा हिशेब मांडू दे

प्रश्न : आमची मुलगी बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीत आहे. गणित बरं आहे. ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ आत्तापासून शिकवलं नाही तर मुलगी मागे पडेल, असं एका कोडिंग क्लासवाल्यांनी सांगितलं. फी मोठी आहे, लॅपटॉपही घ्यावा लागेल. घरी भाजीची शेती, नळाला पाणी पाचव्या दिवशी. एवढा खर्च करावा का? दहावीनंतर पुढं काय?

ताई, नमस्कार.

नववीत यासाठी लॅपटॉपही नको आणि महागडा क्लासही नको. 2006 मध्ये जेनेट विंग या संगणकशास्त्रज्ञांनी ही विचारपद्धती वाचन-लेखनासारखी सगळ्यांनाच यायला हवी, असं मांडलं, तेव्हापासून ती शाळांमध्ये चर्चेत आली. प्रश्नाचे तुकडे पाडायचे, त्यात पुन्हा पुन्हा येणारं काय ते हेरायचं, नको ते बाजूला ठेवायचं आणि उरलेल्याची पायरी-पायरीनं कृती लिहायची, एवढंच ते आहे. कृती अशी लिहायची की आज्जीनंसुद्धा काही न विचारता ती करावी. शेवटची ही अट सगळ्यात अवघड, आणि क्लासमध्ये नेमकी तीच राहून जाते.

सरावाला तुमचा पाण्याचाच प्रश्न घ्या. ‘पाणी पुरत नाही’ यावर काही करता येत नाही, म्हणून आधी मोजायला लावा. 15 लिटरची बादली धरून तीन दिवस वहीत नोंद ठेवायची. पाच माणसांच्या घरात आकडे साधारण असे येतील : आंघोळ 75 लिटर, संडास-हातपाय 60, स्वयंपाक-पिणं 25, भांडी 30, कपडे 40. दिवसाला 230. टाकी 1000 लिटरची असली तरी तळाचं 30 लिटर नळातून येत नाही, म्हणजे हाताशी 970. चार दिवसांत 920 संपतात आणि पाचव्या दिवशी सकाळीच नळ कोरडा. इथं मुलीच्या लक्षात येईल की तूट थोडी आहे आणि ती कुठं आहे.

आता यातलं काय हलवता येतं? आंघोळ, पिणं रोजचंच. कपडे मात्र पाणी आलेल्या दिवशी थेट नळाखाली धुता येतात. ते वजा केले की रोजचा खर्च 190 वर येतो, पाच दिवसांचे 950. काठावर पास. पण पाणी एक दिवस उशिरा आलं तर 1140 लागतील, म्हणून 200 लिटरचा एक ड्रम जोडायचा. साठा 1170 होतो. गणवेश मात्र मधेच धुवावा लागतो, त्याची एक बादली धरा : 1155. मुलं हिशेबात गणवेश विसरतात आणि मग कागदावर बरोबर आलेलं गणित घरात चुकतं. अपवाद आधी विचारून घेणं हा शिकण्याचाच भाग आहे.

पुढं भरण्याचा क्रम. नळाखाली 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल तर मिनिटाला 10 लिटर, रिकामी टाकी भरायला 100 मिनिटं. पाणी कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आधी पिण्याच्या बिंदग्या (घागरी), मग टाकी, मग ड्रम, शेवटी कपडे. कपडे आणि टाकी एकदम चालू केली तर धार विभागली जाते आणि 100 मिनिटांचं गणित कोलमडतं.

दोन चुका हमखास होतात. पहिली मोजणीची : सोमवारी पाणी आलं तर पाचवा दिवस शुक्रवार की शनिवार? आलेला दिवस धरायचा की नाही, हे वहीत लिहून ठेवलं नाही तर घरात दोघांचे दोन हिशेब होतात आणि 190 लिटरचा फरक पडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आयुष्यभर छळणारी हीच चूक आहे. दुसरी चूक नियमाची. ‘चौथ्या दिवशी जपून वापरा’ हा नियम कच्चा, कारण पाहुणे आले तर पाणी दुसऱ्याच दिवशी उतरतं. नियम पातळीवर बांधायचा : तिसऱ्या रात्री ड्रम भरलेला असून टाकीत 400 लिटरपेक्षा कमी पाणी असेल, तर चौथ्या दिवसापासून आंघोळ अर्ध्या बादलीत. टाकी सरळ उभी असेल तर उंचीच्या 40 टक्क्यांवर खूण येते. स्वच्छ धुतलेल्या पट्टीनं मोजता येते. मग तो कागद आज्जीच्या हातात द्या. ती जिथं ‘म्हणजे काय गं?’ विचारेल, तिथं कृती अर्धवट आहे. एका वेळी एकच ओळ बदलायची, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

शेतात दुसरा सराव मिळेल. स्प्रिंकलरची 20 फुटी 32 पाईपची लाईन तुंबली, तर पहिल्या जोडापासून एकेक उघडत जाऊ नका. मोटार बंद करून सोळाव्या पाईपनंतरचा जोड सोडवा, बाजूला उभं राहून मोटार क्षणभर चालू करा. पाणी जोरात आलं तर अडथळा पुढच्या सोळांत, नाहीतर मागच्या. 16, 8, 4, 2, 1 : पाच तपासण्यांत पाईप सापडतो. अडथळे दोन असतील तर ही रीत एकच दाखवते, म्हणून साफ करून पुन्हा चालवून बघायचं. मोटारीच्या स्टार्टरला हात मोठ्यांनीच लावायचा, तिनं फक्त कुठला जोड ते सांगायचं.

शाळेत बेब्रास स्पर्धेची चौकशी करा. 2004 मध्ये लिथुआनियात सुरू झालेल्या या स्पर्धेत अशीच कोडी असतात, प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते.

आता दहावीनंतरचं. एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावी. तिच्यानंतर पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला भौतिक, रसायन, गणित यांच्याबरोबर जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स घेता येतं. इंजिनिअरिंगला जायचं तर पुढं सीईटी ही प्रवेश परीक्षा. किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटीनं (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. आणि ही सवय फक्त सॉफ्टवेअरलाच उपयोगी पडते असं समजू नका : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरही काम ओळीनं लिहिलेल्या आज्ञांवरच चालतं.

मराठी माध्यमातून पीयूसी सायन्सला गेलेली मुलं तर्कात कमी पडत नाहीत, इंग्रजीतला प्रश्न उलगडण्यात अडकतात. म्हणून माझा आग्रह असा की, तिनं आठवड्याला एक कृती मराठीत पक्की करून मग तीच इंग्रजीत लिहावी. ‘जर-तर’, ‘तोपर्यंत’, ‘प्रत्येकासाठी’, ‘निदान’, ‘जास्तीत जास्त’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द वहीच्या मागच्या पानावर जमवत जावेत. लॅपटॉपचं पीयूसीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर बघू. तेव्हाही 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी पुरते. जीवशास्त्र सोडायचं का, हे मात्र प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तिच्याशी बोलून ठरवा, कारण विषयांचा गट प्रवेशाच्या वेळीच निवडावा लागतो.