लक्झेंबर्ग, ट्रिअर की पुणे? एका कार्गो पायलटच्या बायकोचं लांबलचक उत्तर

प्रश्न तुम्ही विचारलाय, पण उत्तर मी वहिनींसाठी लिहितेय, त्यांना नक्की वाचायला द्या. तुमची कार्गोवर (मालवाहू विमानांवर) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणून निवड झालीय, बेस लक्झेंबर्ग, बायको आयटीत, मुलगी सहा वर्षांची. आणि घर लक्झेंबर्गमध्ये घ्यावं, बॉर्डरपलीकडे जर्मनीत ट्रिअरला घ्यावं, की दोघींना पुण्यातच ठेवून आपण येऊन-जाऊन करावं, हा तुमचा प्रश्न. आम्ही 2013 ला नाशिकहून इथे आलो तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे होता, फक्त तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

व्हिसा, राहण्याचा परवाना, पायलटचं लायसन्स, मेडिकल यावर मी फारसं लिहिणार नाही, ते सरकारी साइटवर व्यवस्थित आहे आणि उरलेलं एचआर सांगेल. मी फक्त ते सांगते जे एचआरला माहीत नसतं, कारण एचआरवाले रोज संध्याकाळी घरी जातात.

तर सगळ्यात आधी, एअरपोर्टपासून किती मिनिटं हा हिशोब डोक्यातून काढून टाका. नवीन आलेला प्रत्येक पायलट नकाशावर फिंडेल (लक्झेंबर्गचा एअरपोर्ट) शोधतो आणि मग सांडवायलर, निडरआनवेन, कॉन्टर्न अशी आजूबाजूची गावं बघत बसतो. अहो पण तुम्ही तिथे महिन्यातून कितीदा जाणार? लाँग हॉल, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कार्गोवर माणूस एकदा गेला की आठ-दहा दिवस गेला, कधी त्याहून जास्त, आणि माल उशिरा आला, वेळापत्रक सरकलं की परतीची तारीखही सरकली. स्टँडबायला (ऐनवेळी बोलावलं तर जायची ड्युटी) ठरलेल्या वेळात पोचावं लागतं तेवढं बघा, बास. शाळा, डॉक्टर, दुकान, कम्यूनचं ऑफिस (आपली नगरपालिका समजा) या चकरा रोज कोण मारणार आहे? वहिनी. मग घर त्यांच्या वाटेवर घ्या ना. बस-ट्रेन अख्ख्या देशात 2020 पासून फुकट आहे, त्यामुळे स्टेशनजवळचं गाव, एअरपोर्टपासून लांब असलं तरी, मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुसरं, तुमचं उडणं कुठल्या प्रकारचं आहे ते नीट समजून घ्या. लाइपझिगला डीएचएल, कोलोनला यूपीएस, पॅरिसला फेडेक्स अशी कुरिअरवाल्यांची मोठी हब (मुख्य तळ) आहेत, तिथे काम रात्रीचं, म्हणजे माणूस दिवसा घरात असतो पण झोपलेला असतो आणि पोरांना दिवसभर 'हळू बोल' सांगावं लागतं. आमच्या इथे उलट, फिंडेल रात्री अकरा ते सकाळी सहा बंद, पण माणूसच घरात नाही. यातलं काय बरं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझी एक मैत्रीण लाइपझिगला आहे, तिला माझा हेवा वाटतो, मला तिचा.

आणि दिवाळी विसरा, हे आत्ताच सांगून ठेवते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा कार्गोचा पीक सीझन, ब्लॅक फ्रायडे आणि ख्रिसमसचा सगळा माल तेव्हाच हलतो, आणि आपली दिवाळी बरोबर त्याच्या मध्यात येते. चिनी नववर्षाला तिकडच्या फॅक्टऱ्या बंद झाल्या की जरा सामसूम, तेव्हा सुट्टी मिळायची शक्यता जास्त. पण तेव्हा शाळेला कार्निव्हलची एकच आठवडा सुट्टी असते, आणि इथे 'गावी लग्न आहे' म्हणून चार दिवस शाळा बुडवणं चालत नाही, लेखी कारण द्यावं लागतं आणि ते कारण त्यांना पटावं लागतं. मोठी सुट्टी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे आंबे संपल्यावर आणि ऐन पावसात. नातेवाइकांना हे कितीही वेळा सांगा, 'मग मे मध्ये का येत नाही गं' हा प्रश्न येतोच.

ट्रिअर. भाडं कमी, गाव छान, लक्झेंबर्गहून ट्रेनने तासाभराच्या आत, आणि रोज दोन लाखांवर माणसं जर्मनी, फ्रान्स, बेल्जियममधून इथे कामाला येतात त्यामुळे सगळे म्हणणार की तिकडे राहा. पण ती बहुतेक युरोपियन पासपोर्टवाली. आपला पासपोर्ट भारतीय, लक्झेंबर्गचा परवाना लक्झेंबर्गमध्ये राहण्यासाठी असतो, तिकडे राहायचं तर जर्मनीचा वेगळा काढावा लागतो आणि इथे कामाची परवानगी पुन्हा वेगळी. शिवाय जर्मनी भारताचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का) मानत नाही, लक्झेंबर्ग मानतं. वहिनींना लक्झेंबर्गमध्ये नोकरी लागली आणि ट्रिअरच्या घरातून काम केलं, तर वर्षाला 34 दिवसांच्या वर गेलं की त्या कामाचा टॅक्स जर्मनी मागणार. हे सगळं करून वाचणारं भाडं मला तरी फार मोठं वाटत नाही. एक गोष्ट मात्र आमच्यापेक्षा बरी झालीय, 2023 च्या कायद्याने जोडीदाराला इथे आल्यापासून नोकरी करता येते. आमच्या वेळी आधी वर्क परमिट, तेही मिळवताना नाकी नऊ, आणि तोवर मी घरात बसून मुलाच्या शाळेची पत्रं डिक्शनरी घेऊन वाचत होते.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण अजून आठवलं की डोकं फिरतं. आपली नावं! माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव, डिग्रीवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी, कारण आपल्याकडे बारशाच्या आधीच दाखला काढून आणतात आणि नंतर नाव घालायला कुणी जात नाही. कम्यूनच्या खिडकीतल्या बाईंनी सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, एका कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, या तिन्ही बायका कोण? आणि मुलाचं मधलं नाव बापाचं कसं? मग सासरे नाशिकला महानगरपालिकेत खेटे घालतायत, शंभराच्या बाँडवर 'एकच व्यक्ती असल्याचं' प्रतिज्ञापत्र, ते मुंबईला मंत्रालयात, मग अपोस्टिल, मग कुरिअर, आणि इथे आल्यावर त्यांचं म्हणणं, गोल शिक्क्यातल्या मराठी अक्षरांचं भाषांतर कुठाय. तेव्हा निघायच्या आधी जन्मदाखल्यावर मुलीचं नाव आहे का बघा आणि तिघांच्या नावांचं स्पेलिंग सगळीकडे अक्षर न् अक्षर एक करून घ्या. हे करेपर्यंत तिकीट काढू नका.

आता शाळा. इथेच मला थांबता येत नाही, माफ करा.

इथल्या सरकारी शाळेत पोरं बोलतात लक्झेंबर्गिश, लिहा-वाचायला शिकतात जर्मनमध्ये, मग फ्रेंच सुरू होतं, आणि प्राथमिकला गणितसुद्धा जर्मनमधून. माझा मुलगा आला तेव्हा सात पूर्ण, आजोबांनी त्याच्याकडून तीसपर्यंत पाढे घोकून घेतलेले, तोंडी हिशोबात वर्गात पहिला. पण पेपरात गणितं शाब्दिक. शेतकऱ्याकडे इतकी सफरचंदं, इतकी पेटीत, इतकी सडली, आणि 'सडली' हा शब्दच याला माहीत नाही, म्हणून त्याने ती मिळवली. उत्तर चूक. बाई गोड, कायम हसून म्हणायच्या, येईल हळूहळू. बाराव्या वर्षी ठरतं की मूल क्लासिकला जाणार, म्हणजे सरळ युनिव्हर्सिटीची वाट, की जनरलला, आणि त्यात भाषांचं वजन फार. पालकांशी बोलून ठरवतात, मान्य नसेल तर कमिटीकडे जाता येतं. ती मीटिंग ज्या दुपारी होती त्या दुपारी त्याचा बाप हाँगकाँगच्या हॉटेलात पडदे ओढून झोपला होता, फोन सायलेंट. झोपायलाच हवं, नियमच आहे तसा, रेस्ट पूर्ण झाल्याशिवाय उडता येत नाही, हे मला त्याच्याइतकंच पाठ आहे. मला फक्त कुणाला तरी विचारायचं होतं की कमिटीकडे जायचं का. समोर वर्गाच्या बाई, माझं फ्रेंच तोडकंमोडकं, 'जनरल' वर सही झाली.

मुलगा आता मोठा झालाय, मजेत आहे, पोर्तुगीज मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो आणि शिव्या त्यांच्या भाषेत देतो, म्हणतो आई सोड ना आता. नवरा म्हणतो काय बिघडलं त्याचं. काही बिघडलं नाही. तरी मी सोडत नाही.

तुमच्या मुलीचं नशीब चांगलं. 2016 ला डिफरडांजला सरकारी युरोपियन शाळा निघाली, नंतर युंगलिन्स्टर, मोंडॉर्फ, क्लेर्वो अशा ठिकाणीही झाल्या, बऱ्याच ठिकाणी इंग्लिश सेक्शन आहेत आणि फी नाही. जागा मर्यादित, म्हणून घराच्या आधी शाळेत अर्ज. साध्या सरकारी शाळेत टाकायचं असेल तर सहा हेच अक्षरओळखीचं वय, तेव्हा आत्ता आणा, वर्षभराने नको. फ्रेंचमधून अक्षरओळखीचा प्रयोग 2022 ला चार शाळांत सुरू झाला आणि तो देशभर न्यायचं ठरलंय, त्याचीही चौकशी करा. आणि मंगळवार-गुरुवार दुपारी साधारणपणे शाळा नसते, बाकीच्या दिवशी मध्ये जेवायची लांब सुट्टी, म्हणजे वहिनी नोकरी करणार असतील तर मेझों रले (शाळेनंतरचं पाळणाघर म्हणा) मध्ये नंबर लागणं हे नोकरी लागण्याइतकंच महत्त्वाचं.

एकटेपणाचं सगळे विचारतात. होतं. सवय होते. पुढे.

राहिलं पुणे. बायको-मुलगी तिथे आणि तुम्ही सुट्टीत पुण्याला, असं करणारे आहेत, आणि कागदावर हिशोब उत्तम बसतो. मुलीला आजी-आजोबा, वहिनींची नोकरी चालू, पोळीभाजीला बाई. पहिल्या वर्षापुरतं तर मी म्हणेन असंच करा, ट्रेनिंग आणि लाइन चेक (खऱ्या फ्लाइटवरची परीक्षा) होईपर्यंत आणि प्रोबेशन संपेपर्यंत कुणालाच हलवू नका, घर विकत घ्यायचं तर नावही काढू नका. पण हा सल्ला वरच्या शाळेच्या सल्ल्याच्या विरुद्ध जातोय हे मलाही दिसतंय. मुलगी सहाची नसती तर बोलणंच मिटलं असतं. आहे सहाची, तर मी शाळेच्या बाजूने.

आणि खरं सांगू का, इथे राहूनही नवरा घरी येतो तेव्हा पहिले दोन दिवस मला अडचणच होते. त्याचं घड्याळ भलतीकडे, रात्री तीनला पोहे करतो, मुलाला सूट देतो, मी लावलेली शिस्त मोडतो आणि नीट बसायला लागलं की बॅग भरतो. लोकांना वाटतं आमची भेट म्हणजे सिनेमा. आम्ही त्या दिवसांत टॅक्सचे कागद भरतो. तरी तो दाराशी बूट काढताना दिसला की बरं वाटतं, आणि पुण्यात ते महिन्या-दीड महिन्याने दिसलं असतं. याच्यावर भाडं, टॅक्स असं काही लावता येत नाही, म्हणून मी ते हिशोबात धरलं नव्हतं, तुम्ही धरा.

येण्याआधी दोघांपैकी कुणाच्याही एकाच्या सहीने चालणारं बँक खातं आणि वहिनींच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवा, घरमालक, विमा, शाळा, प्रत्येक जण कधी ना कधी तुमचीच सही मागणार आणि तुम्ही अल्माटीच्या वर कुठेतरी असणार. आणि वहिनींना गाडी येत असेल तर आपलं लायसन्स इथे वर्षभरच चालतं, त्याच्या आत बदलून घ्यायला अर्ज करा. येत नसेल तर पुण्यातच शिकून या, इथले क्लास भयंकर महाग आहेत. बर्फात विंटर टायर सक्तीचे आहेत, ते तुम्ही घरी असताना बसवून घ्या म्हणजे झालं. वहिनींना माझा नंबर हवा असेल तर सांगा, रात्री दहानंतर मी मोकळीच असते.